‘द आफ्रिकन क्वीन’ पहिल्यांदा बघायचा असेल तर

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी ३४ वर्षं बॉयलरवर होतो. निवृत्त झाल्यावर पुण्याला मुलीकडं काही दिवस राहायला गेलो, तेव्हा एका दुपारी जावयानं हा सिनेमा लावून दिला. म्हणाले, ‘मामा, यात बॉयलर आहे, बघा तुम्ही.’ इंग्रजी सिनेमा मी त्याआधी फारसा पाहिलेला नव्हता. त्या दुपारनंतर हा एकच सिनेमा मी अकरा वेळा पाहिला. बायकोला दाखवला, शिफ्टमधल्या जुन्या सोबत्यांना दाखवला, भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना दाखवला. त्यातले काही जण अर्ध्यात उठून गेले आणि काही जण संपल्यावरही जागचे हलले नाहीत. सिनेमा तोच, टीव्ही तोच. बसण्याआधी दोन-चार गोष्टी सांगितल्या की माणूस टिकतो, हे माझ्या लक्षात आलं. त्याच इथं लिहितो. शेवट सांगणार नाही, काळजी करू नका.

ओळखीपुरतं एवढं पुरे. सिनेमा १९५१चा आहे, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. हम्फ्री बोगार्ट आणि कॅथरिन हेपबर्न ही जोडी. सी. एस. फॉरेस्टर यांच्या १९३५च्या कादंबरीवरून केलेला. लांबी पावणेदोन तास. गोष्ट सुरू होते सप्टेंबर १९१४ मध्ये, जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे बराचसा आजचा टांझानिया. एका खेड्यात इंग्रज मिशनरी सॅम्युएल सेयर आणि त्याची बहीण रोझ प्रार्थना चालवतात. चार्ली ऑलनट नावाचा मेकॅनिक आपल्या जुनाट वाफेच्या लाँचमधून त्यांच्याकडं टपाल आणि सामान आणतो. महायुद्ध सुरू होतं, जर्मन सैनिक गाव जाळतात, भाऊ त्या धक्क्यानं जातो. उरतात रोझ आणि चार्ली, आणि ती लाँच. खाली सरोवरात ‘लुईसा’ नावाची जर्मन लढाऊ बोट आहे. रोझ ठरवते की आपण नदीनं खाली जायचं आणि ती बुडवायची. दोन माणसं आणि तीस फुटी लाँच.

आता टीव्ही. पहिल्यांदा बायकोबरोबर पाहिला तेव्हा चित्र पडदाभर ताणलेलं होतं. सगळी माणसं आडवी, रुंद. अर्धा तास आम्ही तसाच पाहिला, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही. हा सिनेमा जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेला आहे. डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर रिमोटवरून चित्राचा आकार मूळ करून घ्या. हलणारी चित्रं गुळगुळीत करणारी जी सेटिंग नव्या टीव्हीत असते, तीही बंद करा, नाहीतर सत्तर वर्षांपूर्वीचं जंगल काल मोबाईलवर काढल्यासारखं दिसतं. प्रत निवडताना २०१०च्या सुमारास नव्यानं दुरुस्त करून काढलेलीच घ्या. जुन्या प्रतींत रंग विटलेले आहेत आणि या सिनेमात रंग फार महत्त्वाचे आहेत. टेक्निकलरचा, म्हणजे त्या काळच्या रंगीत सिनेमाचा, तो अवजड कॅमेरा खरोखर आफ्रिकेत, युगांडात आणि त्या वेळच्या बेल्जियन काँगोत नेऊन जॅक कार्डिफ या छायाचित्रकारानं हे हिरवं टिपलं आहे. झाडाचा हिरवा वेगळा, शेवाळाचा वेगळा, साचलेल्या पाण्याचा वेगळा. खोलीत अंधार करा.

इंग्रजी सबटायटल लावा, इंग्रजी चांगलं येत असलं तरी. बोगार्ट शब्द तोंडातल्या तोंडात ठेवून बोलतो आणि वर इंजिनाचा आवाज. शिवाय पुढची गोष्ट करायची असेल तर शब्द डोळ्यांसमोर असलेले बरे.

ती पुढची गोष्ट म्हणजे नावं. बघायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिल्यांदा सांगतो: कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं त्याच्याकडं कान ठेवा. आपल्याकडं ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं हे लपत नाही. शेजारच्या खोलीतूनही कळतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळं तिथं ही सोय नाही. तिथं नावावरून ओळखायचं. रोझ त्याला ‘मिस्टर ऑलनट’ म्हणते. गाव जळालं, भावाला पुरलं, एकाच होडीत रात्री काढल्या, तरी ‘मिस्टर ऑलनट’. चार्ली तिला ‘मिस’ म्हणतो. हे किती वेळ चालतं आणि कुठं तुटतं ते बघा. एक सकाळ येते, ती त्याच्यासाठी चहा घेऊन येते, आणि मग तिच्या लक्षात येतं की या माणसाचं पहिलं नाव आपल्याला माहीतच नाही. ती त्याला ते विचारते. त्या प्रश्नाआधी ती त्याला ज्या शब्दानं हाक मारते, तो शब्द चुकवू नका. माझी बायको इथं हसली आणि लगेच गप्प झाली. लग्नानंतर पहिलं वर्षभर तिनं मला नावानं तर सोडाच, ‘अहो’ म्हणूनही हाक मारली नव्हती. बांगड्या वाजवायची.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं संथ आहेत आणि बरेच जण इथंच मोबाईल काढतात. तुम्ही काढू नका. प्रार्थनेच्या वेळी रोझ घामानं चिंब होऊन पेटी वाजवते आहे, भाऊ गाण्याचे शब्द ओरडून सांगतो आहे, गावकरी जमेल तसा सूर लावतायत, आणि बाहेरून लाँचची शिट्टी येते. पुढं चहाच्या टेबलावर चार्लीचं पोट गुरगुरतं. भाऊ-बहीण ऐकूनही न ऐकल्यासारखं करतात. या बाईचं गळ्यापर्यंत बटणं लावलेलं आयुष्य इथंच नीट पाहून घ्या. पुढं प्रत्येक धबधब्याबरोबर तिच्या अंगावरचा, केसांचा आणि बोलण्याचा एकेक बंद सुटत जातो. आधीची ती डोळ्यांत साठवलेली नसेल तर नंतरची कळत नाही.

मग बॉयलर. चार्ली चालता चालता बॉयलरला लाथ मारतो आणि थिएटरभर हशा पिकत असणार. मला हसू आलं नाही. त्याच्या हाताखालच्या एका पोऱ्यानं सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये स्क्रूड्रायव्हर पाडलेला असतो, तेव्हापासून लाथ मारल्याशिवाय काम भागत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉयलरमधलं प्रेशर ठरल्यापेक्षा वर गेलं की तो आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. तो अडकला तर वाफेला जायला जागा नाही, मग पत्रा फाटतो. आमचा जुना बॉयलर २१ किलो प्रेशरचा होता, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो. सेफ्टी व्हॉल्व्ह नीट उठत नाही असं दिसलं तर शिफ्ट कुणाचीही असो, आम्ही आग ओढून घ्यायचो. गाळप थांबलं तर थांबलं. आणि हा माणूस तसल्या बॉयलरच्या शेजारी स्फोटकांच्या पेट्या ठेवून बसला आहे. रोझ विचारते की दुरुस्त का करत नाही. तो सांगतो की मला हिला लाथ मारायला आवडतं, माझं म्हणून एवढंच आहे. हे वाक्य आलं की चार्ली ऑलनट हा माणूस मला समजला. मशिनीशी एकटं बोलणारी माणसं मी नाईट शिफ्टला पाहिली आहेत. त्यातला मीही एक होतो. लाथेवर हसा, पण हे वाक्य ऐकून घ्या.

माझं म्हणणं असं आहे की या सिनेमातलं प्रेम कामात आहे. चुंबन आहे, जवळिकीचे प्रसंग आहेत, पण ते कामानंतर येतात. कोण सुकाणू धरतं, कोण लाकडं टाकतं, कोण पाणी उपसतं, हे बघत राहिलात तर दोघांमध्ये काय चाललं आहे ते बोलण्याच्या कितीतरी आधी कळतं. पहिल्या दिवशी चार्ली तिला सुकाणू धरायला शिकवतो. पाणी वाचायचं कसं, खाली खडक असला की वर काय दिसतं. पहिला खळाळ पार होतो. तो हबकलेला, आता ही परत फिरा म्हणेल असं त्याला वाटतं. आणि ती! तिचा चेहरा बघा. चाळिशी ओलांडलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कळलं आहे की शरीराला असाही आनंद असतो, आणि ते ती प्रार्थनेबद्दल बोलावं तितक्या गंभीरपणे सांगते.

पावसाची रात्र लहान आहे पण सोडू नका. छत एकच आहे, ते तिच्यासाठी. तो बाहेर भिजतो, शेवटी आत सरकतो, ती दचकून त्याला हाकलते. मग विजेच्या उजेडात तिला तो कुडकुडताना दिसतो. पुढं काय होतं ते शब्दांत फार नाही.

दारूचा प्रसंग सगळ्यांच्या आवडीचा. चार्ली पितो, तिला नको ते बोलतो. सकाळी जाग येते तेव्हा ती एकेक बाटली उघडून जिन नदीत ओतते आहे. बाटल्या पाण्यावर तरंगत मागं जातात. त्यानंतर ती बोलत नाही. बायबल वाचत बसते. तो दाढी करतो, साफसफाई करतो, बडबडतो, चिडतो, विनवतो. माझ्या एका सोबत्याला वाटलं की ती दारूमुळं रागावली आहे. चार्लीलाही तसंच वाटतं. नीट ऐका, तिचा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि तो कशाचा हे कळल्यावर तुम्हाला ती बाई आवडायला लागेल. चहासाठी थांबायचं असेल तर हा अबोला सुटल्यावर थांबा. पुढं शोनाचा जर्मन किल्ला येतो, तिथून मध्ये उठू नये.

किल्ल्यावरून गोळ्या येतात आणि नेमकी वाफेची नळी सुटते. वाफ बाहेर, इंजिन बंद, लाँच प्रवाहात मोकळी. त्याला उभं राहून, गोळ्यांसमोर, ती गरम नळी जोडायची आहे. हात भाजतो तो आवाज मला न ऐकताही ऐकू येतो. माझ्या डाव्या मनगटावर वाफेचा डाग आहे, १९९३च्या हंगामातला.

आता ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावतो तो भाग. धबधब्यात खडकावर आपटून शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा, वाकतो आणि त्या पंख्याचं एक पातं तुटतं. चार्ली हिशेब सांगतो: बोट वर घ्यायला धक्का नाही, भट्टी नाही, हत्यारं नाहीत, होणार नाही. रोझ एकेक साधा प्रश्न विचारते. होडी पाण्यातच ठेवून शाफ्ट काढता येणार नाही का? काठावर आग करून सरळ करता येणार नाही का? पातं जोडता येणार नाही का? तिला मशिनीतलं काही कळत नाही. पण उत्तर देता देता त्यालाच रस्ता दिसायला लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बॉयलरला पाणी देणारा फीड पंप बंद पडला होता, आम्ही चौघं जाणते डोक्याला हात लावून बसलो होतो, आणि नवीन आलेल्या हेल्परनं विचारलं, ‘ते दुसरं पाइप इकडं का नाही लावत?’ आम्ही हसलो आणि मग तेच केलं. रोझ आणि चार्ली दोघंही पाण्याखाली बुड्या मारून शाफ्ट सोडवतात, काठावर भाता करून लोखंड तापवतात, ठोकतात. खरं सांगायचं तर असा सरळ केलेला शाफ्ट थरथरल्याशिवाय फिरणार नाही, पण सिनेमाला तेवढं माफ. काम झाल्यावर ती दोघं एकमेकांकडं जशी बघतात तसं बघणं मी कुठल्या गाण्यात पाहिलं नाही.

जळवांचा प्रसंग येतो. किळस येते, लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा. पाणी उथळ झालेलं आहे, चार्ली पाण्यात उतरून दोरीनं लाँच ओढतो आहे, वर येतो तर अंगभर जळवा. रोझ मीठ लावून काढते. तो थरथरतो आहे, त्याला सगळ्यात जास्त भीती याच प्राण्याची. मग दोघंही पाण्याकडं बघतात, कारण लाँच अजून तिथंच आहे. पुढचं अर्धं मिनिट कुणी खोलीत बोलू नये. बोगार्टला आयुष्यातलं एकमेव ऑस्कर या भूमिकेसाठी मिळालं. माझ्या मते ते या अर्ध्या मिनिटाचं आहे.

काही ठिकाणी डोळ्याला खटकेल. खळाळातून जाताना मागचं पाणी खरं नाही, नटांच्या मागं पडद्यावर सोडलेलं चित्र आहे हे दिसतं. लांबून दिसणारी लाँच एखाद्या ठिकाणी खेळण्यातली वाटते. बराचसा पाण्यातला भाग लंडनजवळच्या स्टुडिओत घेतला आहे, कारण आफ्रिकेतल्या त्या पाण्यात माणसांना उतरवणं धोक्याचं होतं. हे मी बघणाऱ्यांना आधीच सांगतो. भाचीच्या मैत्रिणी आधी न सांगता बसल्या तेव्हा तिथं हसल्या आणि नंतरची दहा मिनिटं त्यांची हातची गेली.

दुसरी खटकणारी गोष्ट मोठी आहे आणि तिच्यासाठी तंत्राचं कारण देता येत नाही. ज्यांचं गाव जळतं, ज्यांना सैनिक हाकलून नेतात, त्या आफ्रिकन माणसांना या सिनेमात नावं नाहीत. भावाच्या कबरीवर प्रार्थना होते, त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही. मला पहिल्यांदा हे जाणवलं नव्हतं, भाचीनं दाखवून दिलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की तेवढी दोन मिनिटं मागच्या माणसांकडंही बघा. शिवाय त्या युद्धात आपलीही माणसं होती. सिनेमातला महिना सप्टेंबर १९१४. पुढच्याच महिन्यात मुंबई बंदरातून हिंदी सैन्याची जहाजं पूर्व आफ्रिकेकडं निघाली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला टांगा बंदरावर जर्मनांकडून त्यांचा वाईट पराभव झाला. चार्ली आणि रोझ नदीत असताना ती माणसं त्याच देशाच्या किनाऱ्यावर मरत होती. हा भाग शाळेत आम्हाला कुणी शिकवला नाही.

पडद्यामागच्या गोष्टी सिनेमा संपल्यावरच वाचा. आधी वाचल्यात तर प्रत्येक दृश्यात तुम्ही नटांची आजारपणं शोधत बसाल. हेपबर्न चित्रीकरणात पोटानं फार आजारी होती. सुरुवातीला ती पेटी वाजवते ना, तेव्हा जवळच एक बादली ठेवलेली होती. ती पाणी पीत होती, बोगार्ट आणि ह्यूस्टन व्हिस्कीवर राहिले आणि ते आजारी पडले नाहीत, असं तिनंच पुढं पुस्तकात लिहिलं. लाँच इतकी लहान की कॅमेरा आणि माणसं तराफ्यांवर. एकदा लाँच बुडाली, ती वर काढावी लागली. आणि ह्यूस्टननं हेपबर्नला रोझ कशी हवी ते सांगताना म्हणे एवढंच सांगितलं, की एलेनॉर रूझवेल्ट, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी, इस्पितळात जखमी सैनिकांना भेटायला जातात तेव्हा जसं हसतात, तसं हस. पुन्हा बघताना ते हसू ओळखता येतं.

‘लुईसा’ची गोष्टही संपल्यावरच. तिच्यामागं जी खरी बोट मानली जाते ती ‘ग्राफ फॉन ग्यॉत्सेन’. जर्मनीत पापेनबुर्गला बांधली, सुटी करून पेट्यांतून दार-ए-सलामला नेली, तिथून रेल्वेनं टांगानिका सरोवराकडं, आणि काठावर पुन्हा जोडून १९१५ मध्ये पाण्यात सोडली. १९१६ मध्ये माघार घेताना जर्मनांनी स्वतःच ती बुडवली. पण बुडवण्याआधी त्यांच्या इंजिनिअरांनी इंजिनाला सगळीकडं ग्रीस फासून ठेवलं, कधीतरी कुणीतरी वर काढेल म्हणून. १९२४ मध्ये ती वर काढली गेली आणि १९२७ पासून ‘लिएम्बा’ या नावानं पुन्हा चालू लागली, ती पुढं कित्येक दशकं. ग्रीस लावणाऱ्या त्या माणसांची आठवण मला फार येते. हंगाम संपल्यावर आम्हीही मशिनी अशाच झाकून ठेवायचो.

आणि सिनेमातली लाँच? ती १९१२ मध्ये इंग्लंडात आफ्रिकेसाठीच बांधलेली होती. आता ती अमेरिकेत फ्लोरिडातल्या की लार्गो गावी आहे. माझा पुतण्या तिकडं असतो. मागच्या डिसेंबरात तो मुलांना घेऊन गेला आणि मला फोटो पाठवले. मुलं हसतायत, मागं काळी चिमणी, छत. मी फोटो बोटांनी मोठा केला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कुठं दिसतो का ते शोधत बसलो.